नव्वद अंश

सार्सा कुंपण ओलांडत होती.
सात तारांपैकी वरच्या दोन
एकमेकींत पिळल्या, पुढचा पाय त्यांत राहिला
आणि अंगाचं सगळं ओझं पलीकडे गेलं.
एवढं एलेउतेरिओ मान्सियाने सांगितलं,
टोपी छातीशी धरून.
बाकीचं वाऱ्याने खाल्लं असावं:
ती किती वेळ लटकली, कुणी सोडवली,
ऐंशी किलोमीटरची खडी
तिने मांडीवर काढली की पायाशी.

पोर्वेनिरच्या दवाखान्यात एकच टेबल आहे.
त्यावर ती उभी राहिली, तीन पायांवर.
चौथा कोपरात दुमडलेला, पंजा बाहेर वळलेला,
जणू तो एकटाच दुसऱ्या कुणाच्या घरी निघालाय.
मी बोटं फिरवली. जिथे खळगा असतो
तिथे उंचवटा. जिथे उंचवटा
तिथे काहीच नाही.
हाताला आधीच कळतं, तरी एक्स-रे काढावाच,
एक समोरून, एक बाजूने.
एकाच बाजूने पाहिलं तर हाडं
शहाण्यासारखी जागेवर बसलेली दिसतात,
आणि कुठे टवका उडाला असेल
तर तो नंतर फजिती करतो.
टवका नव्हता.

"कधीचं?"
"काल संध्याकाळचं."
मग होईल, म्हटलं, बहुतेक.
आठवडा उलटला असता तर मी
फेरीबोटीची वेळ सांगितली असती,
सामुद्रधुनीपलीकडच्या सर्जनचा पत्ता,
आणि खर्च, हळू आवाजात.

नोएमीने भूल दिली.
स्नायू एकेक करून भांडण सोडतात.
पाय इतका मऊ होतो
की सरळ ओढावासा वाटतो.
मऊ लागलं म्हणून कोपराने खणू नये,
कोपर बसवताना तर मुळीच नाही.
आधी आणखी दुमडायचा,
चुकलाय त्याच दिशेने, जास्त.
मग आतल्या अंगाला वळवायचा,
हाडाची चोच तिच्या खाचेत अडकवायची,
अंगठा बाहेरून रेटलेला ठेवायचा
आणि उघडत जायचं,
घरात कुणी झोपलेलं असताना दार उघडावं तसं.

टक्.

खरं तर हा आवाज खोलीत ऐकू येत नाही.
अंगठ्याला येतो.
पण भिंतीपाशी एलेउतेरिओने मान वर केली.

मग परीक्षा. कोपर नव्वद अंशात,
मनगट नव्वद अंशात,
पंजा बाहेर वळवून पाहायचा, आत वळवून पाहायचा,
किती जातो, कुठे थांबतो,
चांगल्या पायाशी ताडून.
बाहेरचा बंध ताणलेला होता, तुटलेला नव्हता.
कापूस, पट्टी, पुन्हा कापूस,
पाय ताठ, पट्टा खांद्यावरून पाठीला फिरवून.
दोन आठवडे उडी नाही, मेंढ्या नाहीत.
नंतर रोज थोडं दुमडायचं, थोडं उघडायचं,
नाहीतर सांधा गंजतो.

"इतकंच होतं?" त्याने विचारलं.

मला वाटलं, पैशांचं म्हणतोय.
मग त्याचा डावा हात दिसला.
टोपी आल्यापासून त्याच हातात होती, छातीशी.
मी ते अदबीत मोजलं होतं.
"घोड्यावरून पडलो. एकोणीस वर्षांचा होतो.
बर्फ होतं, बोट नव्हती. कुणीतरी फळी बांधली."
त्याने टोपी उजव्या हाताने काढून घेतली.
डावा तिथेच राहिला, नव्वद अंशात,
रिकाम्या जागेला धरून.

मी काही बोलले नाही.
काय बोलणार, चाळीस वर्षांनी.
"आधी दुमडायचा," तो म्हणाला,
मला नाही, हाताला,
"मग उघडायचा."

सार्सा जागी होताना रडली, सगळेच रडतात.
त्याने तिला उचललं. वजन उजव्या हाताने घेतलं,
आणि डाव्याच्या त्या न उघडणाऱ्या कोनात
तिचं डोकं ठेवलं.
गाडीचं दार मी उघडलं.
वाऱ्याने ते दोनदा लावून टाकलं.